मट्टनचेरीच्या ज्यू टाउनमध्ये पहिल्यांदा जाताय? आधी पाठ, मग पोट, मग पिशवी

सगळ्यात आधी वार बघा, तिकिटं नंतर. कोचीच्या मट्टनचेरी भागातला डच पॅलेस शुक्रवारी बंद असतो. त्याच्या मागच्या गल्लीतलं, म्हणजे ज्यू टाउनमधलं, ‘परदेशी सिनेगॉग’ हे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ शनिवारी बंद, कारण शनिवार म्हणजे शब्बाथ, यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, आणि शुक्रवारीही ते दुपारी एकपर्यंतच उघडं. आपण मुंबई-पुण्याची माणसं जोडून सुट्टी घेणार आणि नेमके शुक्रवार-शनिवार गाठणार! मी पहिल्या खेपेला हेच केलं आणि दोन्हीकडची कुलपं बघून आलो. रविवारी दोन्ही उघडं असतं, पण मसाल्याचा घाऊक बाजार बराचसा झोपलेला असतो. म्हणून सोमवार ते गुरुवार. सिनेगॉगची वेळ साधारण दहा ते एक आणि तीन ते पाच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यहुदी सण ओळीने येतात, त्या दिवसांतही दार बंद असतं. तेव्हा जाणार असाल तर तारखा आधी बघून घ्या.

पोहोचायचं कसं हे थोडक्यात. लोकमान्य टिळक टर्मिनसवरून नेत्रावती एक्सप्रेस कोकणातून खाली उतरते आणि दुसऱ्या दिवशी एर्नाकुलम जंक्शनला टेकते. तिथले लोक त्याला ‘साउथ’ म्हणतात. स्टेशनवरून रिक्षाने मुख्य बोट जेट्टीवर जा आणि पुढे पाण्यातून. सरकारी बोट अगदी चिल्लर पैशांत फोर्ट कोचीला सोडते. २०२३ साली सुरू झालेली वॉटर मेट्रो हवी असेल तर हायकोर्ट टर्मिनल गाठा. ती महाग म्हणजे चाळीसेक रुपये, पण थंडगार आणि वेळेवर. रस्त्याने टॅक्सी करून जाऊ नका. खर्च दहापट होतो, आणि मासेमारीची मोठाली चिनी जाळी पाण्याच्या बाजूने पहिल्यांदा बघायची मजा जाते ती वेगळीच.

पाठ टेकायची जागा

तीन पर्याय आहेत. एर्नाकुलम स्टेशनच्या आजूबाजूचे लॉज सर्वांत स्वस्त. एका रात्रीपुरते ठीक, पण खाली बसगाड्यांचे हॉर्न आणि रोज बोटीची ये-जा. मट्टनचेरीत राहण्याच्या जागा कमी. म्हणून बहुतेक जण फोर्ट कोचीत उतरतात, आणि ते बरोबरच आहे. तिथून ज्यू टाउन जेमतेम अडीच किलोमीटर. सकाळी चालत, परत येताना रिक्षाने, असं जमतं.

फोर्ट कोचीत ‘होमस्टे’ म्हणजे खरोखरच कुणाचं तरी घर. पुढच्या खोलीत येशूच्या तसबिरीखाली लाल दिवा, ओट्यावर मांजर, आणि वरच्या मजल्यावर तुमची खोली. केरळ पर्यटन खातं अशा घरांना डायमंड, गोल्ड, सिल्व्हर अशी श्रेणी देतं, त्याची पाटी दाराशी असते. सिल्व्हर म्हणजे वाईट असं समजू नका. बिन-एसीची साधी खोली एरवी हजार-दीड हजाराच्या आसपास मिळते आणि हॉस्टेलमधली खाट त्याच्या निम्म्यात. डिसेंबरात मात्र हिशेब बदलतो. ३१ तारखेला पाप्पान्जीचा, म्हणजे सरत्या वर्षाच्या म्हाताऱ्याचा, भलामोठा पुतळा जाळतात, त्याच सुमाराला कार्निव्हल, आणि बिएनालेचं, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनाचं, वर्ष असेल तर चित्रकारांची गर्दीही. मग त्याच खोलीचे दुप्पट-तिप्पट.

खोली बघताना काय बघायचं? मी आता पलंगाकडे बघतच नाही, आधी खिडकीकडे बघतो. कोचीचे डास प्रसिद्ध आहेत आणि ही प्रसिद्धी त्यांनी कष्टाने मिळवलेली आहे. खिडकीला जाळी नसेल तर पलंगावर मच्छरदाणी हवी. मच्छरदाणी असेल तर ती उजेडाकडे धरून भोकं बघा. मग उशी उचलून खालची चादर हाताने चाचपा. जून ते ऑगस्टमध्ये ती ओलसर लागणारच, पण कुबट वास आला तर दुसरी खोली मागा, लाजू नका. कपडे वाळत घालायला गच्चीवर दोरी आहे का तेही विचारा. पावसाळ्यात खोलीत घातलेला टॉवेल तीन दिवस वाळत नाही. आणि ‘चेक-आउट किती वाजता’ हे पैसे देण्याआधीच. काही लॉज चोवीस तासांचा हिशेब धरतात, काही सकाळी अकराला दार वाजवतात. तुमची गाडी संध्याकाळची असेल तर बॅग ठेवू देतील का, हे घरमालकिणीला आदल्या रात्रीच सांगून ठेवावं. ‘चेच्ची’ म्हणून हाक मारली की काम लवकर होतं. चेच्ची म्हणजे ताई. पुरुषांना ‘चेट्टा’, आणि मट्टनचेरीतल्या मुसलमान वस्तीत ‘इक्का’.

पोटाची सोय

केरळात ‘हॉटेल’ अशी पाटी दिसली की तिथे झोपायला मिळत नाही, जेवायला मिळतं. आपल्याकडेही तसंच आहे, त्यामुळे मराठी माणसाला हा गोंधळ होत नाही, दिल्लीकरांना होतो.

सकाळी पुट्टू-कडला घ्या. तांदळाच्या पिठाचा आणि खोबऱ्याचा वाफवलेला उंडा, सोबत काळ्या हरभऱ्याची उसळ. कोरडा वाटतो, म्हणून तिथले लोक त्यात केळं कुस्करतात. तुम्हीही कुस्करा, उसळीबरोबर केळं कसं लागेल याचा विचार करत बसू नका. आप्पम आणि अंड्याचा रोस्ट हा दुसरा पर्याय, आणि पहिल्या दिवशी पोटाला तोच सोपा.

दुपारी ‘मील्स’. ताटलीत किंवा केळीच्या पानावर आधी भाताचा डोंगर पडतो. हा मट्टा तांदूळ, लालसर, जाडा आणि टपोरा. कोलम खाणाऱ्याला पहिल्या घासाला वाटतं, भात कच्चाच राहिला. नाही राहिला, तो तसाच असतो. वाढणारा थांबत नाही, म्हणून एक शब्द पाठ करून जा: ‘मदि’. म्हणजे पुरे. हात पानावर आडवा धरून ‘मदि, मदि’ म्हटलं की थांबतो, नुसतं मान हलवल्याने थांबत नाही. भात, आमटी, तोरन (म्हणजे खोबरं घातलेली सुकी भाजी), मोरू (म्हणजे ताक) हे सगळं ठरल्या पैशांत पुन्हा पुन्हा. तळलेली मासळी मात्र वेगळी. ती कुणी तुमच्यासमोर ताट धरून दाखवली आणि तुम्ही बोट केलंत की बिलात चढली. मासळीचा भाव आधी विचारा: ‘एत्रया?’ पेल्यातलं गुलाबी पाणी बघून दचकू नका, ते पतिमुखमच्या लाकडाचा तुकडा टाकून उकळलेलं असतं. बाटलीबंद पाण्यापेक्षा मी तेच पितो.

मट्टनचेरीला बिर्याणी खाल्ल्याशिवाय परत यायचं नाही. इथली बिर्याणी बासमतीची नसते. कैमा नावाचा बारीक, आखूड तांदूळ असतो, दिसायला आपल्या आंबेमोहोराच्या नात्यातला. मसाला खाली, भात वर, आणि दोन्ही तुम्हीच पानात कालवायचं. १९४८ पासून चालणारं कायीज, म्हणजेच रहमतुल्ला हॉटेल, याच भागात आहे. दीडनंतर गेलात तर उरलंसुरलं मिळेल, बाराला जा. टेबल वेगळं मिळत नाही. समोरच्या अनोळखी माणसाच्या ताटाला ताट लावून बसायचं. जेवण झालं की सुलेमानी मागा, बिनदुधाचा लिंबू पिळलेला चहा. तुपकट बिर्याणीनंतर तो का पितात ते दुसऱ्या घोटाला कळतं.

शाकाहारी असाल तर गुजराती रोड विचारा. मट्टनचेरीत गुजराती व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, फरसाण आणि थाळी सुखाने मिळते. आणि गोव्याची माणसं असाल तर चेरळाई भागातल्या तिरुमला देवस्वमच्या आसपास एक फेरी माराच. पोर्तुगिजांच्या काळात गोव्यातून निघालेली गौड सारस्वत कुटुंबं इथे स्थिरावली, आजही घरात कोंकणी बोलतात. मी पापडाचा भाव हिंदीत विचारला होता. आजींनी पलीकडच्या बाईला कोंकणीत काहीतरी सांगितलं, ते मला कळलं, आणि मला कळलं हे त्यांना कळलं. पुढचा अर्धा तास तिथेच गेला.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका. ज्यू टाउन आहे म्हणजे तिथे कोचीच्या यहुद्यांचं जेवण मिळेल, असं नाही. ते घराघरांत शिजत होतं आणि ती घरंच आता गेली. गल्लीतल्या कॅफेंमध्ये पास्ता मिळतो, आल्याचं सरबत मिळतं. बसायला छान आहेत, भाव पर्यटकांचे.

रिक्षावाल्याचं आमंत्रण

फोर्ट कोचीत कुणीतरी नक्की विचारेल: ‘सर, सगळी ठिकाणं दाखवतो, फक्त शंभर रुपये.’ शंभरात तो तुम्हाला सगळी ठिकाणं दाखवू शकत नाही, पेट्रोलही निघणार नाही. बाकीचे पैसे तो दुकानदारांकडून घेतो, तुम्हाला दुकानात नुसतं दहा मिनिटं बसवण्याबद्दल. मला असं दोन दुकानांत बसवलं. एका ठिकाणी तीन शाली अंगावर टाकल्या गेल्या, मे महिन्यात. वेळ असेल आणि गंमत वाटत असेल तर जा, पण काही विकत घेऊ नका, तिथला भाव त्या कमिशनसकट असतो. सरळ ‘ज्यू टाउन, कुठेही न थांबता’ असं सांगून भाडं ठरवा.

गल्लीत पहिली फेरी रिकाम्या हाताने

पिशवी आणि पाकीट आत ठेवून आधी गल्लीच्या टोकापर्यंत चालत जा. टोकाला घड्याळाचा मनोरा दिसतो. तो १७६० चा, डच कंपनीशी व्यापार करणाऱ्या एझेकिएल रहाबीने बांधवलेला. त्याच्या तबकड्यांवर वेगवेगळे अंक आहेत: हिब्रू, रोमन, मल्याळम. सिनेगॉग त्याहून जुनं, १५६८ चं. कोचीच्या राजाने आपल्या वाड्यालगत जागा दिली, त्यामुळे राजवाड्यातलं देऊळ आणि हे प्रार्थनास्थळ अगदी भिंतीला भिंत लागून आहेत. १६६२ मध्ये पोर्तुगिजांनी त्याची नासधूस केली, डच आल्यावर दोन वर्षांत ते पुन्हा उभं राहिलं. १९६८ मध्ये चारशे वर्षं झाली तेव्हा इंदिरा गांधी आल्या होत्या आणि टपाल खात्याने तिकीटही काढलं. टपालतिकिटं जमवणाऱ्यांनी ते शोधावं, गल्लीतल्या कुठल्याही पितळी वस्तूपेक्षा ती जास्त खरी आठवण आहे.

आत जाताना चपला बाहेर, गुडघे-खांदे झाकलेले. आत गेल्यावर लोक वर बघतात, बेल्जियमच्या काचेच्या हंड्या-झुंबरांकडे. तुम्ही खाली बघा. अठराव्या शतकात चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. हाताने रंगवलेल्या, त्यामुळे चित्र सारखं वाटलं तरी शेजारशेजारच्या दोन फरशांवरचा ब्रशाचा फटकारा जुळत नाही. एका फरशीवरच्या झाडाची फांदी जिथे जाड, तिथे पलीकडची कारागिराने घाईत ओढलेली. अनवाणी पायाला गार लागतात. बाहेर आलात की भिंतीत बसवलेला शिलालेख शोधा, तो कोचंगाडीच्या १३४४ च्या जुन्या सिनेगॉगचा.

या गल्लीत राहणारे परदेशी यहुदी, म्हणजे बाहेरच्या देशांतून येऊन इथे स्थिरावलेल्यांचे वंशज, आता नावालाच उरलेत. सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तेवढे इथे कधीचे नाहीत. त्यांच्याही आधीपासून केरळात असलेले मलबारी यहुदी तर १९५० च्या दशकातच मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. म्हणून दुकानावर दाविदाचा तारा आणि ‘शालोम’ दिसलं तरी आत बसलेला माणूस बहुधा काश्मिरी नाहीतर स्थानिक मुसलमान किंवा ख्रिस्ती असतो. यात फसवणूक काही नाही. सारा कोहेन या इथल्या यहुदी आजींचं भरतकामाचं दुकान याच गल्लीत. त्या २०१९ मध्ये शहाण्णवाव्या वर्षी वारल्या. त्यांची शेवटपर्यंत काळजी घेतली ती एका मुसलमान कुटुंबाने, आणि दुकानही त्याच कुटुंबाने पुढे चालवलं. किप्पा म्हणजे यहुदी पुरुषांची गोल टोपी, आणि हल्ला म्हणजे शब्बाथचा पाव, तो झाकायचा कापडी रुमाल, यांवरचं हातचं भरतकाम बघायचं तर तिथे. टाका उलट्या बाजूने बघा. यंत्राचा असेल तर मागे पांढऱ्या दोऱ्याची सरळ जाळी दिसते. हातच्या टाक्याच्या मागे गाठी असतात.

आता पिशवी काढा

इथे माझी फजिती सांगणं भाग आहे. गल्लीतल्या एका दुकानातून मी ‘मेनोरा’ म्हणून पितळी दीपदान आणलं. चांगले दोन हजार मोजले. ठाण्यात आमच्या शेजारच्या काकू बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी आहेत, माहेर अलिबागकडचं. त्यांना कौतुकाने दाखवायला गेलो. त्यांनी चष्मा लावला, बोटाने फांद्या मोजल्या आणि म्हणाल्या, “पाचच? ही कुणाची रे?”

मेनोरा सात फांद्यांचा, तो जेरुसलेमच्या मंदिरातल्या दिव्याचा नमुना. हनुक्का सणात लावतात त्याला नऊ जागा: आठ दिवसांच्या आठ, आणि नववी शमाश, म्हणजे बाकीच्या ज्या वातीने पेटवायच्या ती. ती उरलेल्यांहून वर किंवा बाजूला हवी. माझ्याकडे आली होती ती नाताळात टेबलावर ठेवायची मेणबत्तीदानी, मध्ये तारा डकवलेली. ताऱ्याच्या मागे डाग दिलेला स्पष्ट दिसत होता, मीच उलटून बघितलं नव्हतं. तेव्हा फांद्या मोजा आणि वस्तू उलटी करा.

मग मी मेझुझा काढली. आत धर्मग्रंथातल्या ओळी ठेवून दाराच्या चौकटीवर उजवीकडे तिरपी लावतात ती छोटी नळी. काकूंच्या दाराला आहेच, आत-बाहेर करताना त्या बोटं टेकवून ओठांना लावतात. त्यांनी माझ्या नळीचं झाकण काढलं, आतला कागद उलगडला आणि परत घातला. “छापील आहे. चामड्यावर हाताने लिहिलेलं हवं. ही नुसती डबी झाली.” शोभेसाठी डबीच हवी असेल तर जरूर घ्या, पण डबीच्या भावात घ्या. काकूंच्या समाजाचं कोचीशी जुनं नातं आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या, शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या या ‘शनिवार तेल्यां’ना एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थना शिकवायला कोचीहून शिक्षक आले होते. म्हणजे माझी परीक्षा घेणारी बाई अगदी योग्य होती.

‘अँटिक’ या शब्दाबद्दल. कायद्याने शंभर वर्षांपलीकडची वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. १९७२ चा कायदा आहे. दुकानदार ‘दोनशे वर्षं जुनी’ म्हणाला की अमेरिकेतल्या भाचीसाठी नेतोय असं सांगून बघा. लगेच वस्तूचं वय कमी होतं! जुनी दारं, उरुळ्या (पसरट तोंडाची मोठी भांडी), खांब नुसते बघायला मात्र गोदामांत जरूर शिरा. कुणी हटकत नाही.

घासाघीस करावी. पहिला भाव ऐकून निम्म्यावर या, मूळ भावाच्या साठ-पासष्ट टक्क्यांच्या आसपास जमतं. भरतकामाच्या हातच्या वस्तूवर मात्र करू नका.

आणि खरं सांगू का, मट्टनचेरीहून आणायची वस्तू पितळेची नाहीच, मसाल्याची आहे. ज्यू टाउनमध्येच मिरीच्या वायदेबाजाराची इमारत आहे. अत्तरं आणि रंगीत पुड्या विकणारी दुकानं ओलांडून बाजार रोडच्या बाजूला जा, पोत्यांची दुकानं लागतात. मिरी मूठभर घेऊन पेलाभर पाण्यात टाका, भरलेला दाणा खाली बसतो, पोकळ दाणा आणि भेसळीची पपईची बी वर तरंगते. वेलची डोळ्यांना बोचेल इतकी हिरवी असेल तर संशय घ्या. एक बोंड फोडा, आतले दाणे काळे आणि चिकट हवेत. जायपत्री केशरी-लाल आणि वाकवली तर वाकणारी. कुडमपुळी बघितल्यावर आपलं आमसूल आठवेल, ते नात्याने भाऊच, पण ही धुरावलेली आणि काळी असते. कोकम म्हणून सारात घालू नका, सगळं सार धुराचं लागतं. मासळीच्या कालवणात दोन पाकळ्या पुरतात. केशर इथे घेऊ नका, केरळात केशर पिकत नाही.

एक दिवस जादा असेल तर एर्नाकुलमच्या मार्केट रोडवरचं कडवुंभागम सिनेगॉग बघा. पुढे रोपांचं आणि शोभेच्या माशांचं दुकान, त्यातून आत जायचं. त्याहून लांब परवूर आणि चेन्नमंगलम, दोन्हीकडची सिनेगॉगं आता संग्रहालयं आहेत, बसने अर्धा दिवस जातो.

परतीच्या गाडीत मसाला पत्र्याच्या डब्यात भरा, नाहीतर रेल्वेच्या सगळ्या डब्याला सुंठेचा वास. मी पुन्हा निघालोय म्हटल्यावर काकूंनी यादी दिली आहे: पाव किलो मिरी, थोडी जायपत्री, आणि जमल्यास चेरळाईचे पापड. पितळेचं काही नको, असं खाली वेगळ्या ओळीत लिहिलंय.